‘येत होतं, पण चुकलं’: गणितातला आत्मविश्वास मोजायचा कसा आणि ताळ्यावर आणायचा कसा

माझ्याकडे नाशिकच्या इंदिरानगरात आठवी ते दहावीची मुलं शिकवणीला येतात. दर बॅचला दोन वाक्यं ठरलेली. पेपर हातात पडला की एक जण म्हणतो, “सर, येत होतं, पण चुकलं.” आणि नवा धडा उघडायच्या आधीच दुसरी म्हणते, “सर, हे मला जमणारच नाही.” ही दोन्ही वाक्यं म्हणजे स्वतःबद्दलचे अंदाज आहेत, आणि माझ्या अनुभवात दोन्ही अंदाज बहुतेक वेळा चुकतात.

पालक आणि शिक्षक इथे एकच उपाय करतात: धीर देतात. “अरे, येतं तुला, घाबरतोस काय!” धीर देण्यात वाईट काही नाही, पण क्रम उलटा होतो. स्वतःला काय येतं आणि काय येत नाही हे मुलाला नेमकं कळलेलं नसताना फुगवलेला आत्मविश्वास पहिल्याच चाचणीत फुटतो. क्रम असा हवा: आधी अंदाज मोजायचा, मग तो खरा करायचा, आणि वाढवायचा सगळ्यात शेवटी. खालची पद्धत साधारण सहा आठवड्यांची आहे. रोज पाऊण तास लागतो. घरी आई-वडिलांना जमते, शिकवणीत जमते, आणि दहावीचं एखादं शहाणं पोर एकट्यानेही करू शकतं.

## तयारी

वही. शंभर पानी, साधी एकरेघी, आणि फक्त याच कामासाठी. शाळेच्या गृहपाठाच्या वहीत हे करू नका. ती वही तपासली जाते, म्हणून मुलं ती सजवतात, आणि सजवलेल्या वहीत खरं काही सापडत नाही. डाव्या पानावर उदाहरण सोडवायचं. उजव्या पानावर पाच रकाने आखायचे: उदाहरण क्रमांक, आधीचा अंदाज, नंतरचा अंदाज, निकाल, कारण.

पेन. पेन्सिल नको आणि खोडरबर तर अजिबात नको. चुकलेली ओळ एका रेघेने कापायची, पण वाचता आली पाहिजे. खोडलेली चूक म्हणजे गेलेला पुरावा.

उदाहरणं. रोज सहा: दोन महिन्याभरापूर्वी झालेल्या धड्यातली, दोन सध्याच्या धड्यातली, दोन शाब्दिक. जुनी दोन वगळायचा मोह फार होतो. वगळू नका. कालच शिकवलेलं आज येतं म्हणजे ते ‘येतं’ असं नाही.

उत्तरं. पुस्तकाची मागची पानं रबर बँड लावून बंद करा. सोडवलेली उदाहरणं असलेलं गाईड दुसऱ्या खोलीत ठेवा.

घड्याळ. भिंतीवरचं. मोबाइलमधलं नको, कारण सांगायला नकोच.

सावधान: पूर्वपरीक्षेच्या तोंडावर हे सुरू करू नका. पहिल्या दोन आठवड्यांत मुलाला स्वतःची खरी जागा कळते, आणि ती नेहमीच सुखाची नसते. गणपती झाल्यावर सुरू केलंत तर उत्तम. दिवाळीची सुट्टी संपताना सुरू केलंत तरी चालेल.

## टप्पा १: ‘गणित’ हा शब्द फोडा

“गणितात कसा आहेस?” हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचं उत्तर स्वभावातून येतं. धीट मूल “चांगला” म्हणतं, लाजरं मूल “ठीकठाक” म्हणतं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये स्व-क्षमतेची कल्पना मांडली. तिचा इथे लागणारा भाग एवढाच: ‘मी हुशार आहे’ ही भावना वेगळी आणि ‘हे ठरावीक काम मी करू शकेन’ हा विश्वास वेगळा. आपल्याला दुसरा हवा आहे.

म्हणून एक धडा घ्या आणि त्याचे तुकडे करा. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ म्हणजे शाब्दिक उदाहरणातून समीकरण मांडणं, एका चलाचा लोप करणं, आलेख काढणं, क्रेमरची पद्धत. मग प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न: “उद्या सकाळी या प्रकारची पाच उदाहरणं दिली तर किती बरोबर येतील?” उत्तर आकड्यात.

गेल्या वर्षी सातपूरहून येणारा एक मुलगा “माझं गणित शून्य आहे” असं म्हणतच आत आला. तुकडे केल्यावर त्याचे आकडे असे निघाले: लोप ४, क्रेमर ५, आलेख ३, शाब्दिक मांडणी ०. शून्य होतं ते एकाच खणात. त्याने ते सगळ्या कपाटाला लावलं होतं.

तपासा: कागदावर आकड्याऐवजी “बरं आहे”, “सराव कमी पडतो” असं काही लिहिलं असेल तर तो कागद बाजूला ठेवा आणि पुन्हा विचारा.

## टप्पा २: आधी अंदाज, मग उत्तर

सगळी पद्धत या टप्प्यावर उभी आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

उदाहरण वाचायचं. अर्धा मिनिट पेन खाली ठेवायचं. मग उजव्या पानावर चारपैकी एक शब्द लिहायचा: पक्कं, बहुतेक, शंका, नाही. मग सोडवायचं. सोडवून झाल्यावर, उत्तर न बघता, दुसऱ्यांदा याच चारपैकी एक शब्द. आणि मगच रबर बँड काढायचं.

दोन अंदाज कशाला? पहिला सांगतो की प्रश्न बघून आपल्याला काय वाटतं. दुसरा सांगतो की आपल्याच कामाकडे बघून आपल्याला काय कळतं. हे दोन वेगळे डोळे आहेत. आधी ‘पक्कं’ आणि नंतर ‘शंका’ लिहिणारं मूल प्रगतीवर आहे, कारण वाटेत काहीतरी खटकलं हे त्याला कळलंय. ज्याच्या वहीत दोन्ही रकाने कायम सारखेच असतात, त्याने सोडवताना मध्ये डोकं वर काढलेलंच नाही.

नेहमीच्या चुका:

- अंदाज शेवटी भरणं. मुलं सहाही उदाहरणं सोडवतात, उत्तरं बघतात, आणि मग रकाने ‘भरून टाकतात’. शाई बघा. सगळे अंदाज एका दमात, एकाच तिरक्या हाताने लिहिलेले दिसतात.
- अंगचोर अंदाज. सगळीकडे ‘बहुतेक’. चुकलं तरी लाज नाही, बरोबर आलं तरी बरं. अशा मुलाला दोन दिवस फक्त ‘पक्कं’ आणि ‘नाही’ एवढेच शब्द द्या.
- वरून डोकावणं. आईने खांद्यावरून पाहिलं की ‘नाही’चं ‘बहुतेक’ होतं. पहिले दोन आठवडे वही बघायचीच असेल तर रात्री बघा. कपाळाला आठी घालू नका, बोलू नका.

## टप्पा ३: सोडवताना मध्येच थांबा

अ‍ॅलन शोएनफेल्ड या अमेरिकी गणित-शिक्षण संशोधकाने मुलं उदाहरणं कशी सोडवतात याचं चित्रण करून निरीक्षण केलं. बहुतेक मुलं प्रश्न वाचतात, लगेच एक वाट पकडतात आणि वेळ संपेपर्यंत तीच तुडवत राहतात. मुरलेला गणिती सुरुवातीला बराच वेळ नुसता विचार करतो, आणि वाट चुकतेय असं दिसलं की ती सोडतो. वर्गात मुलं सोडवत असताना शोएनफेल्ड तीन प्रश्न विचारत. मी ते असे वापरतो:

1. आत्ता नेमकं काय करतो आहेस?
2. का करतो आहेस?
3. यातून जे मिळेल त्याचं पुढे काय करणार?

दर चार मिनिटांनी मी टेबलावर टिचकी मारतो. पेन खाली, तीन उत्तरं मनात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर त्या ओळीखाली आडवी रेघ मारायची आणि प्रश्न पुन्हा वाचायचा. सुरुवातीला मुलं वैतागतात. वैतागू द्या.

हे उदाहरण पाहा. नाशिक-पुणे अंतर २१० किमी धरा. बसचा वेग ताशी १० किमीने वाढवला तर पोचायला ३० मिनिटं कमी लागतात. मूळ वेग किती?

वेग क्ष मानला, वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, म्हणून मुलं धडाधड लिहितात: २१०/क्ष − २१०/(क्ष + १०) = ३०. आणि सुसाट सुटतात. क्ष² + १०क्ष − ७० = ० येतं, अवयव पडत नाहीत, मग सूत्र, मग √९५, आणि पानभर खाडाखोड. दहा मिनिटं गेली. त्यातलं कुणीही ‘अवयव पडत नाहीत’ या क्षणी थांबून पहिल्या ओळीकडे परत जात नाही. सगळी पुढेच पळतात, कारण मागे जाणं म्हणजे हार.

टिचकीनंतर “आत्ता काय करतो आहेस?” याचं खरं उत्तर असतं: “तासांतून तास वजा करतोय, आणि उत्तर मिनिटांत लिहितोय.” हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं की चूक मुलालाच दिसते. उजवीकडे १/२ हवं. मग क्ष² + १०क्ष − ४२०० = ०, म्हणजे (क्ष − ६०)(क्ष + ७०) = ०.

सावधान: चूक तुम्ही दाखवू नका. “मिनिटं बघ की जरा!” असं म्हणालात तर उदाहरण सुटेल आणि मूल आपलं काम तुमच्या डोळ्यांनी तपासायला शिकेल. तुम्ही परीक्षेच्या वर्गात नसता.

## टप्पा ४: ताळा

आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत गणित सुटलं की ताळा बघत, म्हणजे उत्तर बरोबर आलं का ते स्वतःच पडताळत. आता तो शब्द मुलांना माहीतही नसतो. ‘उत्तर बरोबर आहे का?’ याचा निवाडा मुलं सरांवर किंवा पाठीमागच्या पानावर सोपवतात. माझ्या मते आत्मविश्वास डळमळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. स्वतःचं उत्तर स्वतः तपासता येत नसेल तर ‘पक्कं’ हा शब्द लिहायचा कशाच्या जोरावर?

तीन ताळे पुरतात.

उलटं घालून बघणं. क्ष = ६०. २१० किमी जायला साडेतीन तास. ताशी ७० ने तीन तास. फरक अर्धा तास. जमलं. याला पंधरा सेकंद लागतात.

व्यवहाराचा ताळा. वरच्या चुकीच्या समीकरणातून वेग येतो ताशी साधारण पावणेपाच किलोमीटर. एवढ्या वेगाने पुण्याला निघालेली बस पायी दिंडीबरोबर चालेल. उत्तराखाली रेघ मारण्याआधी “हे खरं असू शकतं का?” एवढं विचारायचं.

नऊचा ताळा. हा शिकवायला मी कापरेकरांची क्रिया वापरतो. गणिती द. रा. कापरेकर आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवायचे. क्रिया अशी: सगळे अंक सारखे नसतील अशी चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. मुलांना जन्मवर्ष द्या. २०११ घेतलं तर:

२११० − ०११२ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

यातली प्रत्येक वजाबाकी ९ ने भाग जाणारीच येते, कारण दोन्ही संख्यांचे अंक तेच असतात. म्हणजे उत्तराच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत हवी. हातच्याचा घोळ होऊन १८९८ आलं तर बेरीज २६, चूक तिथेच सापडली. मूल स्वतःची चूक कुणी न सांगता पहिल्यांदा पकडतं तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्यासाठीच मी हा खेळ पहिल्या आठवड्यात घेतो. मात्र हा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही: १९९८ ऐवजी १९८९ लिहिलं तरी बेरीज २७ च. तेही मुलांनाच शोधू द्या.

## टप्पा ५: चार कप्पे

दोन आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज सहा उदाहरणं: ७२ नोंदी झाल्या. आता नंतरचा अंदाज आणि निकाल यांची जोडी लावा. ‘पक्कं’ आणि ‘बहुतेक’ एका बाजूला, ‘शंका’ आणि ‘नाही’ दुसऱ्या बाजूला. चार कप्पे पडतात.

खात्री होती आणि बरोबर आलं. याला हात लावू नका. याच प्रकारची आणखी वीस उदाहरणं करून घेणं म्हणजे नुसत्या पाट्या टाकणं. मुलांना ते आवडतं, कारण बरं वाटतं.

खात्री होती आणि चुकलं. हा कप्पा जड असलेलं मूल सहसा अपेक्षित प्रश्नसंच ‘वाचतं’. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटते, आणि पटणं म्हणजेच येणं असा समज होतो. उपाय: वाचल्यावर पुस्तक बंद, एक दिवस जाऊ द्यायचा, मग कोऱ्या पानावर. शिवाय ‘कारण’ रकान्यात ‘सिली मिस्टेक’ लिहायला बंदी. त्या शब्दाने चौकशीच बंद पडते. काय झालं ते लिहायचं: प्रश्न अर्धा वाचला, चिन्ह बदललं नाही, एकक चुकलं, सूत्र दुसरंच लावलं. अशी आठ-दहा कारणं जमली की त्यातली पाच-सहा एकाच जातीची निघतात. मुलाने ती जात कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवावी.

शंका होती, पण बरोबर आलं. या कप्प्याकडे कुणी बघत नाही, कारण गुण मिळालेले असतात. माझंही इथेच चुकलं. एका मुलीला मी वर्षभर “तुला येतंय गं, घाबरू नकोस” म्हणत राहिलो. पूर्वपरीक्षेत वरच्यासारखंच एक उदाहरण आलं. तिने एक धन आणि एक ऋण अशी दोन्ही उत्तरं बरोबर काढली. ऋण वेग बघून तिला वाटलं की सगळंच चुकलं, आणि तिने अख्ख्या उदाहरणावर काट मारली. पेपर घेऊन आली तेव्हा रडत नव्हती, नुसती गप्प होती. धीर मी भरपूर दिला होता. वेग ऋण नसतो म्हणून ते उत्तर सोडायचं आणि दुसरं घालून बघायचं, हा ताळा मात्र तिच्या हाताला लावलाच नव्हता. या कप्प्याला उपदेश करायचा नाही. प्रत्येक ‘शंका’ खाली ताळा करून घ्यायचा आणि ताळ्यानंतर अंदाज बदलायचा असेल तर बदलू द्यायचा.

या कप्प्यात मला मुली जास्त सापडतात. अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या पिसा चाचणीतही, २०१२ च्या फेरीत, हेच दिसलं होतं: मुलांइतकेच गुण मिळवणाऱ्या मुलींनाही गणितात स्वतःवर भरवसा कमी. “पोरींना गणित जडच जातं” हे वाक्य घरात कोण म्हणतं ते एकदा ऐका. बहुतेक वेळा प्रेमाने म्हटलेलं असतं.

शंका होती आणि चुकलं. अंदाज खरा ठरला, म्हणजे मुलाला स्वतःची ओळख आहे. इथे शिकवायचं. बाकी काही नाही.

तपासा: ‘पक्कं’ लिहिलेल्या दहांपैकी नऊ बरोबर येत असतील आणि ‘शंका’ लिहिलेल्यांपैकी साधारण निम्मे, तर अंदाज ताळ्यावर आला. ‘पक्कं’ मध्ये दहांपैकी सहाच येत असतील तर टप्पा ६ कडे जाऊ नका, आणखी एक आठवडा टप्पा ३ आणि ४ वर घालवा.

## टप्पा ६: आता वाढवा

बांडुराने या विश्वासाचे चार झरे सांगितले: स्वतः केलेलं यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, लोकांचे शब्द, आणि शरीराची अवस्था. पहिला सगळ्यात मोठा. आपण नेमके तिसऱ्यावर सगळा भार टाकतो.

म्हणून ‘शंका’ कप्प्यातला एकच प्रकार आठवड्याला घ्या. त्याची तीन पायऱ्यांची शिडी करा: आकडे सोपे, मग पुस्तकातलं, मग एक वळण घातलेलं. तिसरी पायरी मदतीशिवाय चढली पाहिजे. मदत केलीत तर ते यश मुलाच्या खात्यात जमा होत नाही, आणि ते त्याला बरोबर कळतं.

दुसऱ्या झऱ्यासाठी फळ्यावर वर्गातल्या पहिल्या नंबराला उभं करू नका. मधल्या फळीतला, अडखळत, पुसत, पुन्हा लिहीत सोडवणारा उभा करा. बघणाऱ्यांना “हा अडतो आणि तरी सोडवतो” हे दिसलं पाहिजे.

## टप्पा ७: पेपरात

दहावीचा बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. भूमितीचाही तसाच. एका गुणाला तीन मिनिटं. वहीतली सवय इथे अशी वापरायची:

1. वाचताना प्रत्येक प्रश्नाशेजारी पेन्सिलने बारीक खूण: प, ब, श, न.
2. आधी सगळे ‘प’, मग ‘ब’.
3. ‘कोणतेही दोन सोडवा’ असं असेल तिथे खुणा बघून निवडा. मुलं पहिले दोन घेतात, कारण ते पहिले असतात. पर्याय देणारा प्रश्न ओळखीची परीक्षा घेतो.
4. चार गुणांच्या प्रश्नात सहा मिनिटांनंतरही तिसऱ्या प्रश्नाचं (‘पुढे काय करणार?’) उत्तर नसेल तर जागा सोडून पुढे जायचं.
5. काट मारायची असेल तर ‘हे चूक आहे, कारण…’ हे वाक्य मनात पूर्ण झालं पाहिजे. नुसतं ‘वाटतंय’ म्हणून काट नाही. पायऱ्यांचे गुण मिळतात.

सावधान: ही पद्धत पेपरात पहिल्यांदा वापरू नका. घरी घड्याळ लावून किमान तीन पेपर असेच सोडवून झालेले असावेत.

## सहा आठवड्यांनीही फरक नाही?

दोन शक्यता बघा. पहिली, खड्डा खालच्या इयत्तेतला आहे. सातवीच्या पुस्तकातली अपूर्णांक आणि ऋण संख्यांची दहा उदाहरणं द्या. आठाच्या खाली गेलं तर महिनाभर तेच करा, दहावीचं पुस्तक मिटून. मुलाला कमीपणा वाटू नये म्हणून मी पुस्तक देत नाही, उदाहरणं हाताने कागदावर उतरवून देतो.

दुसरी, वही चांगली चालते पण चाचणीच्या दिवशी हात गार पडतात, पोटात कळ येते, रात्री झोप नाही. तिथे आणखी उदाहरणं देऊन उपयोग होत नाही. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना भेटा, आणि जाताना ही वही बरोबर न्या. ‘पक्कं’ लिहून बरोबर आलेली किती आणि प्रत्यक्ष पेपरात त्यातली किती सुटली, हा फरक त्यांना दोन पानांत दिसेल.